हातावरचं दही

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना हिनं?"

विमानाच्या शिडीपाशी हेमलता सिस्टरनं मला पुन्हा विचारलं. हाच प्रश्न फोनवर झाला होता, वर्ध्याहून नागपूरला येताना ॲम्ब्युलन्समध्ये झाला होता, आता इथेही तोच.

"नाही हो. पाण्याचा घोटसुद्धा नाही. आता काय शपथ घेऊ?" मी तडकून म्हटलं.

"चिडू नका, ताई. विचारावंच लागतं. पोटात काही असलं की भूल देताना धोका असतो. उलटी फुप्फुसात गेली तर लेकरू हातचं जातं. म्हणून डॉक्टर थांबतात. आणि लिव्हर काही थांबत नाही."

बरोबर होतं तिचं. पण माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. मी मेस चालवते. वर्ध्यात कॉलेजची पोरं माझ्याकडे जेवायला येतात. एखादं पोरगं ताटावरून रुसून उठलं, तर मी त्याच्यामागे पोळी घेऊन फाटकापर्यंत जाणारी बाई. आणि माझीच पोर पहाटेपासून पदर ओढून ओढून खायला मागत होती, अन् मी तिला नाही म्हणत होते.

इशू तेव्हा सात वर्षांची. ईश्वरी नाव, पण त्या नावानं तिला फक्त दवाखान्यात हाक मारायचे. हातपाय काटक्या, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. अंगाला सारखी खाज, खाजवून खाजवून पायांची सालं निघालेली. जन्मापासूनच लिव्हर खराब. तिच्या बाबांचा रक्तगट जुळेना. माझा जुळला, तर माझ्या लिव्हरवर चरबी निघाली. नातेवाईक तर 'फॉर्म कुठे भरायचा' विचारून जे गेले ते गेलेच. मग नाव यादीत घातलं आणि वाट बघत बसलो.

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. मुंबईत एका लहान लेकराचा मेंदू अपघातात मेला होता, आईबापांनी अवयव द्यायला होकार दिला होता. रेल्वेनं पोचेपर्यंत उशीर होईल, म्हणून एका संस्थेनं विमान दिलं होतं. "पण तुमचा नंबर दुसरा आहे," फोनवरचा माणूस म्हणाला. "पहिल्या मुलाला ताप निघाला, रक्तात काही सापडलं, तर तुमच्या मुलीला. तरी याल ना?"

तरी याल ना म्हणे! दुसरा नंबर म्हणजे काय हे मेसवालीला कोणी सांगायला नको. पहिली पंगत उठल्यावर भांड्यात काही राहिलं तर दुसरी. भाजीचं एक बरं असतं, कमी पडली तर मी रस्सा वाढवते. हे लिव्हर लहान लेकराचं, एकालाच पुरणार होतं.

आणि तो पहिला नंबर आमच्याच विमानात होता.

सहा वर्षांचं पोरगं, प्रणय इंगोले, पुसदचं. इशूसारखंच पिवळं, इशूसारखंच पोट. त्याची आई रंजना माझ्यापेक्षा बरीच लहान, गळ्यात काळी पोत, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. विमानात एका लेकरामागे एकच माणूस, म्हणून दोघींचे नवरे खालीच राहिले. दोन अरुंद पलंग, मध्ये सिस्टर, पुढे डॉक्टर. आमचे गुडघे एकमेकींना लागत होते.

विमान वर चढलं तशी रंजनानं डोळे मिटून माझाच हात धरला. ओळख ना पाळख.

"पडत नाही व ते," मी म्हटलं. मी तरी कुठे बसले होते आधी!

"मले उंचावर भेव लागते, ताई," ती म्हणाली. मग डोळे उघडून तिनं इशूकडे पाहिलं. "तुमचीचं बी आजच आहे का?"

तिला सांगितलंच नव्हतं कोणी. मी सिस्टरकडे बघितलं, सिस्टरनं सलाइनकडे बघितलं.

"तुझ्या पोराचं आहे आज," मी म्हटलं. "त्याचं काही बिनसलं तर हिचं."

तिनं माझा हात हळूच सोडला.

इशूला त्याचं काय! मेसवरच्या शैलेशनं तिला सांगून ठेवलं होतं की विमानात ट्रेमधून जेवण देतात, सोबत छोटीशी बर्फी पण असते. ती मान उंचावून उंचावून पुढे बघत होती.

"आई, ट्रे कधी येतो?"

"या विमानात नसतो."

"मग शैलेशदादा खोटं बोलला?"

"त्याचं विमान वेगळं."

"मले भूक लागली ना, आई. खूप लागली."

"थोडा वेळ, बेटा."

"तू मघापासून थोडा वेळच म्हणून राहिली."

ती रडायला लागली. प्रणय पलंगावरून तिच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "मले बी लागली. पण आई म्हणे रडलं का विमान खाली पडते." इशूनं लगेच रडणं थांबवलं. मला हसू आलं. रंजनालाही आलं, आणि पुन्हा बोलण्याला तोंड फुटलं.

तिच्या पिशवीत काय आहे ते मी तेव्हा विचारलं. तिनं पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. स्टीलचा छोटा डबा, वर फडकं बांधलेलं.

"दही आहे. सासूबाईनं रात्री विरजण लावलं होतं. पोरगं घरून निघताना हातावर द्याचं होतं. पण ते ॲम्ब्युलन्सवाले असे घाई करून राहिले, का राहूनच गेलं. मनाले चुटपुट लागली पहा. एवढ्या मोठ्या कामाले निघाला, अन् हातावर दही नाही."

"जाऊ दे व," मी म्हटलं. माझं लक्ष भलतीकडेच होतं. सिस्टर प्रणयच्या काखेत थर्मामीटर लावत होती.

"अंग जरा कोमट वाटतंय," सिस्टर डॉक्टरांना म्हणाली.

आता खरं सांगते. त्या क्षणी मी देवाला म्हटलं, ताप असू दे. जास्त नको, त्याला त्रास व्हायला नको, पण असू दे. माझ्याशेजारी त्याची आई बसलेली, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला, आणि मी असं मागत होते.

"नाही, ठीक आहे," सिस्टर म्हणाली. "पांघरुणामुळे असेल."

रंजनानं निःश्वास सोडला. मी खिडकीतून ढग बघत बसले.

मुंबईत उतरल्यावर दोन ॲम्ब्युलन्स, सायरन, पोलिसांनी मोकळे केलेले सिग्नल. आमच्यासाठी एवढा रस्ता कोणी कधी मोकळा केला नव्हता. दवाखाना चकचकीत, थंडगार. दोन्ही लेकरांचं रक्त घेतलं, छातीचे फोटो काढले, अंगं पुसून हिरवे कपडे घातले. इशूलाही घातले, दुसरा नंबर असला तरी तयारी पूर्ण. ते कपडे घातल्यावर माझ्या मनानं उगाच उचल खाल्ली. वाटलं, एवढं केलं म्हणजे देतीलच.

दुपारी मोठे डॉक्टर आले. प्रणयचे रिपोर्ट चांगले आहेत, त्याला वर नेतोय, असं रंजनाला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही अजून थांबा. वर भूल देण्याआधी काहीही होऊ शकतं. मुलीला उपाशीच ठेवा."

मुलीला उपाशीच ठेवा. काय सांगू, ते ऐकून मला बरं वाटलं! इशू उपाशी आहे तोवर तिचं लिव्हर अजून तिचं असू शकतं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ती भुकेनं कळवळायची अन् मला वाटायचं, रड बाई, अजून थोडं रड. आईला असं वाटू शकतं यावर माझा आधी विश्वास बसला नसता.

प्रणयला चाकांच्या पलंगावर घालून लिफ्टपाशी आणलं. सिस्टर म्हणाली, "एक कागद राहिलाय, आलेच," आणि गेली. तिथे आम्हीच उरलो. पलंगावर तो, पलंगाशी रंजना, आणि बाकावर मी इशूला मांडीवर घेऊन.

रंजनानं इकडेतिकडे बघितलं. मग पिशवीतून डबा काढला आणि फडक्याची गाठ सोडली.

मला कळलं ती काय करतेय ते. तिला सांगितलं होतं, जेवण नाही, पाणी नाही. तिनं ते सगळं पाळलं होतं, पोरगं तहानेनं तडफडलं तरी पाळलं होतं. पण हातावरचं दही हे काही तिच्या लेखी खाणं नव्हतं. परीक्षेला निघालं, नोकरीला निघालं, लग्नाला निघालं, की दही. माझ्या आईनं मला सासरी धाडताना दिलं होतं ते काय भूक लागली म्हणून दिलं होतं का? ते खाण्यात कोण धरतं?

"हात कर, बाप्पा," ती प्रणयला म्हणाली.

त्यानं तळवा पुढे केला. तिनं बोटानं दही काढून त्यावर ठेवलं. घट्ट, पांढरंशुभ्र, साखर पेरलेलं दही. दिवसभराचा उपाशी पोरगा, त्याची नजर त्या दह्यावरून हलेना.

मला काहीच करावं लागणार नव्हतं. बाकावर बसून राहायचं होतं, बस. दही माझं नव्हतं, पोरगा माझा नव्हता, दिलं त्याच्या आईनं. ते पोटात गेलं असतं, सिस्टरनं ओठ बघितले असते, नाहीतर मीच नंतर म्हटलं असतं की बाई, त्यानं दही खाल्लं वाटतं. तेही खोटं नसतं. मग डॉक्टर थांबले असते, आणि लिव्हर तर थांबत नाही. मांडीवर हिरवे कपडे घालून माझी पोर तयार होती.

तेवढ्यात इशूनं दही पाहिलं. "मले पण!" म्हणत ती मांडीवरून घसरली आणि डब्यात हात घालायला धावली.

मी उठून तिचा हात मनगटाला धरला. तो तर धरायलाच हवा होता.

दुसरा हात, प्रणयचा, धरायची मला गरज नव्हती. तो तोंडाशी पोचला होता, जीभ बाहेर आली होती. मी तोही धरला.

"खाऊ नको!" मी अशी ओरडले की लिफ्टपाशी आवाज घुमला.

प्रणय दचकून रडायला लागला. रंजनाचा चेहरा लालबुंद झाला.

"सोडा त्याचा हात! ऐन टायमाले अपशकुन करता काय, ताई? तुमच्या पोरीचा नंबर नाही लागला म्हणून माझ्या पोराचं दही काढता?"

"अगं येडे, उपाशी आहे ना तो! पोटात काही गेलं तर भूल देत नाहीत. थांबवतील तुझं सगळं!"

"दही काय खाणं आहे का?"

"पोटाले काय समजते ते हातावरचं आहे का ताटातलं!"

मग समजलं तिला. मी तिच्या हातून डबा काढून घेतला, झाकण लावलं. तिनं पदरानं पोराचा तळवा पुसला, ओठ पुसले, पुन्हा तळवा पुसला. पुसून झाला तरी पुसतच होती.

"गेलं का रे तोंडात? खरं सांग."

"नाही," तो हुंदके देत म्हणाला. "मावशीनं नाही जाऊ देलं."

सिस्टर कागद घेऊन आली. "काय झालं? का रडतोय?"

रंजनानं माझ्याकडे पाहिलं. आता सगळं माझ्या बोलण्यावर होतं. मी म्हटलं, "काही नाही. भूक लागली त्याला."

लिफ्ट आली, त्याला घेऊन वर गेली. हातावर दही न देताच गेला तो.

लोकांना मी हे कधी सांगितलं की ते म्हणतात, काय मोठं मन तुमचं! कसलं मोठं मन अन् काय! मी विचार करून केलंच नाही काही. विचार करत बसले असते तर काय केलं असतं, ते मला माहीत आहे. म्हणून मी लोकांना सांगायचंच सोडून दिलं.

त्यानंतर बाकावर नुसतं बसणं. रंजना एका टोकाला, मी एका टोकाला, मध्ये दह्याचा डबा. इशू रडून रडून थकली आणि माझ्या मांडीवर पडून राहिली. मधूनमधून विचारायची, "आता?" मी म्हणायची, "नाही." दरवाजा उघडला की मी तिकडे बघायची. कोणी येऊन 'हिचं आता होणार नाही' म्हणू नये, एवढंच मागत होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा हेमलता सिस्टर खाली आली. तिची ड्युटी कधीच संपली होती, पण ती गेली नव्हती. माझ्यासमोर उकिडवी बसली. इशूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, तिला आता खायला द्या."

मला आधी अर्थच लागला नाही. मी म्हटलं, "पण डॉक्टर तर म्हणाले उपाशी..."

"आता द्या. काही हरकत नाही. हवं ते द्या."

इशू टुणकन उठून बसली. तिचा चेहरा असा उजळला होता! पहाटेपासून ती याच एका वाक्याची वाट बघत होती. मी पहाटेपासून देवाला म्हणत होते की हे वाक्य येऊ नये.

"आई, दे ना! ती म्हणाली ना, दे!"

माझ्याकडे काहीच नव्हतं. आख्ख्या गावाला जेवू घालणारी बाई मी, निघताना पिशवीत बिस्किटाचा पुडासुद्धा टाकला नव्हता. टाकला तर आपणच तिला खायला घालू अशी भीती होती. आता उठून खाली कँटीनला जावं एवढंही त्राण राहिलं नाही.

रंजना उठली. बाकावरचा डबा तिनं उचलला, माझ्या पायाशी खाली बसली आणि इशूला म्हणाली, "हात कर, माय."

इशूनं तळवा पुढे केला आणि माझ्याकडे बघितलं. दिवसभर मी प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं होतं, म्हणून ती भीतभीत बघत होती.

"खा," मी म्हटलं.

तिनं तळवा चाटला. "आणखी," म्हणाली. रंजना देत गेली, ती चाटत गेली. नाकाला लागलं, गालाला लागलं. डबा संपला तेव्हा तिनं बोट फिरवून तळही पुसून घेतला. मग तिला आठवलं आणि तिनं विचारलं, "आई, हातावर दही देलं, म्हणजे आता कुठं जाचं आहे आपल्याले?"

"घरी," मी म्हटलं. रंजना पदर तोंडाशी घेऊन रडत होती. मी रडले नाही. मी फार थकले होते.

विमान एकाच बाजूचं होतं. परत आम्ही रेल्वेनं आलो. गाडीत जेवणाचा ट्रे आला, त्यात छोटी बर्फी होती. इशू म्हणाली शैलेशदादानं विमान म्हटलं, त्याला रेल्वे म्हणायचं असेल.

पुन्हा फोन आला नाही. म्हणजे आला, एकदा, पण तोवर तिच्या अंगात ते सोसायची ताकद उरली नव्हती. दिवाळीच्या आधी ती गेली. मेस मी बंद केली नाही. पोरं जेवायला येतात, त्यांना काय सांगणार?

प्रणय जगला. चांगला उंच झाला, मिशी फुटली. रंजना दर सणाला फोन करते. मी घेते, कधी घेत नाही. खोटं कशाला बोलू, त्या पोराचा आवाज फोनवर ऐकला की काही वेळा मला त्याचा राग येतो. त्यानं काही केलेलं नाही, तरी येतो. मग दोन दिवसांनी मीच फोन लावते आणि औषधं वेळेवर घेतो का म्हणून त्याला झापते.

यंदा त्याला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. रंजनाचा फोन आला, "ताई, गाडी वर्ध्याहून धरून राहिलो आम्ही. दही तुमच्या हातचं द्या."

"मला नको सांगू ही कामं," मी म्हटलं. "तू आई आहेस ना, दे की तूच."

"मी नाही देत, ताई. त्या दिवसापासून मी त्याच्या हातावर कधी देलंच नाही."

आले दोघं. पोरं जेवून गेली होती, मेस रिकामी होती. प्रणय बॅग खाली ठेवून माझ्या पाया पडला. मी आतून दही आणलं, साखर घातली. त्यानं तळवा पुढे केला. केवढा मोठा तळवा झालाय आता! मी चमचाभर दही त्यावर ठेवलं.

तो खाईना. हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"काय रे?"

"खाऊ ना, मावशी?"

भिंतीवर इशूचा फोटो आहे. मी तिकडे बघितलं नाही, त्याच्याकडेच बघितलं.

"खा, बाप्पा," मी म्हटलं. "खा."